हजेरीपटापासून वाचायला घ्या: शिक्षणाची तात्त्विक, सामाजिक आणि राजकीय अधिष्ठाने

पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या आणि नोकरी सांभाळून बी.एड. करणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे: "शिक्षणाच्या अधिष्ठानांचा पेपर आम्ही पाठ करून देतो. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद, पुढे सामाजिकीकरण, शेवटी राज्यघटनेतली कलमे. सोमवारी वर्गात उभे राहिल्यावर यातले काही आठवत नाही आणि आठवायची गरजही पडत नाही. मग हा विषय ठेवला आहे कशासाठी, आणि तो वाचायचा कसा?"

प्रश्न रास्त आहे. नाशिकमध्ये शिक्षकांना हा विषय शिकवताना मला तो जवळपास दर वर्षी कुणी ना कुणी विचारला. माझे मत सरळ सांगतो. विषय अवघड नाही, त्याची मांडणी उफराटी झाली आहे. पुस्तकात आधी प्लेटो येतो, मग रूसो, मग ड्यूई, आणि आपल्या वर्गाची पाळी येईपर्यंत परीक्षेची तारीख येते. तुम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा. हजेरीपट उघडा.

दिवाळीनंतरचा कोणताही महिना घ्या. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर भाताची कापणी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी, निफाड, नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणे), मग काढणी असे काम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरते. म्हातारी माणसे घर राखतात, धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी आईबरोबर जाते. हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख विचारतात, "ही मुलगी का येत नाही?" आणि उत्तर दिले जाते, "पालक उदासीन आहेत, सर."

हे साधे वाक्य म्हणजे एक अख्खा सिद्धान्त आहे. मूल शाळेत न येण्याचे कारण घरच्यांच्या वृत्तीत आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. दुसरा शिक्षक म्हणेल, वृत्तीचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. तिसरा विचारेल, शाळेचे वर्ष जून ते एप्रिल हे कुणाच्या सोयीने ठरले, त्यात शेतमजुराच्या वर्षाला जागा का नाही? चौथा कायद्याकडे बोट दाखवील: ते मूल जिथे गेले तिथल्या शाळेने त्याला दाखल्याविना बसवून घ्यायला हवे होते, तिने काय केले? पाचवा सगळ्यात अडचणीचा प्रश्न काढील. समजा ती मुलगी रोज आली, तर तिने आपले श्रम सोडून यावे असे आपण वर्गात तिला काय देतो?

या पाच जणांच्या बोलण्यात तुमचा सगळा अभ्यासक्रम येऊन गेला. आणि यातले कोणते उत्तर तुम्हाला पटते त्यावर तुमचे उद्याचे काम ठरते. "पालक उदासीन" हे पटत असेल तर तुम्ही पालकभेटीला जाऊन समजूत घालाल आणि परत याल. दुसरे-तिसरे पटत असेल तर पालक कामावर गेले तरी मुलांना मागे राहता यावे यासाठी गावातच हंगामी वसतिगृह व्हावे म्हणून वेळेत प्रस्ताव पाठवाल. चौथे पटत असेल तर कुटुंब निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक (मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणूनचा कागद) भरून पालकांच्या हातात द्याल आणि जिथे ते जाणार त्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन कराल. म्हणजे सोमवारी वर्गात हा विषय लागत नाही असे नाही. तो लागतोच, आपल्या नकळत, आणि बहुतेक वेळा आपण न तपासलेले उत्तर घेऊनच उभे असतो.

आता इतिहासात मागे जा, पण थेट अथेन्सला नको. 1882 साली पुण्यात थांबा. त्या वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग साक्षी घेत होता. त्याच्यापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. महाराष्ट्रात हा पेपर लिहिणाऱ्या प्रत्येकाने एक दस्तऐवज वाचायचा म्हटला तर मी हाच सांगेन, कारण तिन्ही अधिष्ठाने थोडक्या पानांत तिथे एकत्र सापडतात.

फुल्यांच्या मांडणीचा कणा हिशेबाचा आहे. सरकारचा बराचसा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. देणारा एक, घेणारा दुसरा. त्या काळच्या सरकारी विचारात याला एक सभ्य नाव होते, झिरपण्याचा सिद्धान्त: वरच्या थोड्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली उतरेल. मेकॉलेच्या 1835 च्या टिपणामागे हीच धारणा होती. 1854 च्या वुडच्या खलित्याने कागदावर तिच्यापासून फारकत घेतली, सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी मान्य केली, अनुदानाची पद्धत आणली. (आज आपल्याकडे 'अनुदानित', 'विनाअनुदानित' म्हणून जी भांडणे चालतात त्यांचे मूळ या खलित्यापर्यंत जाते.) पण प्रत्यक्षात वरून खाली फारसे काही उतरत नव्हते, आणि फुले तेच पुराव्यानिशी सांगत होते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, कारण तेच मुलांत मिसळतील आणि त्यांची गरज ओळखतील. शिक्षकाचा पगार माणसासारखे जगता येईल इतका असावा. अभ्यासात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीची तोंडओळख असावी, आरोग्याचे धडे असावेत. महार-मांग मुलांना जातीच्या विटाळामुळे शाळेत बसू दिले जात नाही, त्यांची सोय करा. आता हे तुमच्या पेपरच्या भाषेत मांडून पाहा. पैसा कुणाचा आणि तो कुठे जातो, हे राजकीय अधिष्ठान. कुणाला बसू दिले जाते आणि शिक्षक कुठल्या समाजातून येतो, हे सामाजिक. काय शिकण्याजोगे आहे, हे तात्त्विक. फुल्यांनी यांची तीन प्रकरणे पाडली नाहीत, कारण शेतकऱ्याच्या मुलाच्या आयुष्यात ते वेगळे नव्हतेच.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे म्हणजे या एका निवेदनावर चाललेली वाटाघाट आहे, असे मी मानतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. मागणी अगदी सावध होती, तरी 1912 मध्ये ते फेटाळले गेले. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, ही कारणे. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहूंनी 1917 मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एका संस्थानाला जे परवडले ते साम्राज्याला परवडत नव्हते, यावरून परवडण्याचा प्रश्न किती खरा होता ते समजते. 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. पहिलीत आलेल्या शंभर मुलांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. आणि सरकार दारूवरच्या करातून लोकांकडून जेवढे घेते तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करावे, असे मागितले. तोच हिशेब, फक्त सभागृह वेगळे.

मग राज्यघटना आली. कलम 45 ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले, पण ते मार्गदर्शक तत्त्व होते, न्यायालयात मागता येणारे नव्हते. दहाची मुदत 1960 मध्ये सरली. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क करणारे कलम 21-क आले, 2009 मध्ये शिक्षणहक्क कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर 128 वर्षांनी. विद्यार्थी मला विचारत, कलमे कशी लक्षात ठेवायची? ती या गोष्टीत बसवून वाचली की पाठ करावी लागत नाहीत. प्रत्येक कलमाच्या मागे कुणीतरी मागितलेले आणि कुणीतरी नाकारलेले काहीतरी असते.

तत्त्वज्ञानाची खरी वेळ यानंतर येते. मूल वर्गात आले, बसले. आता काय?

इथे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई वाचा, पण आंबेडकरांच्या वाटेने. आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, ड्यूई तिथे शिकवत होते, आणि ड्यूईंचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ 1916 चाच. लोकशाही म्हणजे आधी एकमेकांसोबत जगण्याची रीत, सरकार निवडण्याची पद्धत नंतर, हा विचार ड्यूईंकडून घेऊन आंबेडकरांनी तो जातिव्यवस्थेवर लावला. जिथे माणसे एकमेकांत मिसळत नाहीत, अनुभव वाटून घेत नाहीत, तिथे मतपेटी असली तरी लोकशाही नाही. परीक्षेत आपण ड्यूईखाली 'कृतीतून शिक्षण' एवढेच लिहितो आणि पुढे जातो. हे त्याच्या विचाराचे टरफल झाले. तुमच्या शाळेत दुपारची खिचडी वाढायला कोण उभे राहते? वर्ग झाडायला कुणाला सांगितले जाते, मुलींनाच का? माठातले पाणी कोण भरतो? पुढच्या बाकावर कोण बसते, आणि ते बसणे शिक्षकाने ठरवले की गावातल्या घरांच्या रांगेने? ज्या गावात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला, तिथल्या शिक्षकाने तरी हे प्रश्न वाचून सोडून देऊ नयेत. मंदिराचे दार, पाणवठा आणि शाळेचा बाक ही एकाच प्रश्नाची तीन ठिकाणे होती.

निसर्गवाद आणि बालकेंद्री शिक्षण यांसाठीही परदेशी नावांवर थांबायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे केले ते पाहा. मॉन्टेसरींचा विचार त्यांनी घेतला, पण त्याची महागडी साधने वारली पाड्यावर कुठून आणायची? शंख-शिंपले, बिया, पाने, माती, खडे हेच साहित्य झाले. मुले अंगणापर्यंतच येत होती, म्हणून शाळा अंगणात गेली. गुरे राखणारी मुले अंगणातही येत नव्हती, म्हणून शाळा कुरणावर गेली. त्या कुरणशाळेत मला तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि राजकारण तिन्ही एका जागी दिसते. मूल आपल्या हाताने शिकते हे तत्त्व. त्या मुलाच्या डोक्यावर घरचे काम आहे याची जाण. आणि मूल शाळेजवळ येत नसेल तर शाळेने मुलाजवळ जावे, हा निर्णय. आज "मुलगी बागेत गेली, आम्ही काय करणार" असे म्हणण्यापूर्वी हे एकदा आठवावे.

थोडा जास्त वेळ मला गांधीजींच्या नयी तालीमवर, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाच्या कल्पनेवर, घालवायचा आहे, कारण तिथे माझे मन अजून पूर्ण बसलेले नाही आणि तुम्हीही ते बसू देऊ नये. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला परिषद झाली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला: सात वर्षांचे मोफत, सक्तीचे, मातृभाषेतले शिक्षण, आणि मध्यभागी एखादा हस्तोद्योग. हात आणि डोके यांची फारकत मोडायची, शारीरिक श्रमाला प्रतिष्ठा द्यायची, हे गांधीजींचे म्हणणे मला मनापासून पटते. आपल्या समाजात श्रम करणाऱ्याला जे हीन लेखले गेले त्यावर याहून नेमका घाव दुसरा नाही. पण एक शंका त्या वेळीही काढली गेली आणि आजही उभी आहे. सूतकताईचे शिक्षण वकिलाच्या मुलाला दिले तर त्याला श्रमाची प्रतिष्ठा कळते. विणकराच्या मुलाला तेच दिले तर? त्याला घरी जे आहे तेच शाळेत मिळते, आणि त्याच्या बापाने त्याला ज्या कामातून सुटावे म्हणून शाळेत धाडले त्याच कामाकडे तो परत जातो. फुल्यांनी शेतीचे ज्ञान मागितले तेव्हा सोबत हिशेब, व्याकरण, इतिहास-भूगोलही मागितला होता, हे विसरू नका. कमी फसला जाईल असा शेतकरी त्यांना हवा होता.

हा वाद संग्रहालयातला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आणि स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहण्याची-करण्याची कल्पना मांडली आहे. कल्पना चांगली आहे. मी तिला एकच कसोटी लावतो: गंगापूर रोडवरच्या इंग्रजी शाळेतला मुलगा आणि कळवणच्या आश्रमशाळेतली मुलगी या दोघांना एकच कामे मिळतात का? तो संगणकाच्या प्रयोगशाळेत आणि ती शिवणयंत्रावर, अशी वाटणी झाली तर व्यवसाय शिक्षणाच्या नावाखाली आपण जुनीच उतरंड नव्याने रचतो आहोत. दोघेही दोन्ही ठिकाणी गेले तर वर्ध्याचा विचार जिवंत झाला असे मी म्हणेन.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांच्याबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या पुस्तकात पुरेसे आहे. ब्राझीलमध्ये 1963 मध्ये आंजिकोस या गावी त्यांनी प्रौढ मजुरांना त्यांच्याच रोजच्या शब्दांतून वाचायला शिकवले. परीक्षेत 'बँकिंग पद्धत' (शिक्षकाने माहिती ठेवीसारखी भरायची आणि मुलाने ती नुसती साठवायची, यावरची त्यांची टीका) लिहाल तेव्हा हे मजूर डोळ्यापुढे ठेवा, म्हणजे उत्तर पोकळ होणार नाही.

आता नाशिकच्या संस्थांकडे पाहू, कारण ही अधिष्ठाने आपल्या शहरात इमारतींच्या रूपाने उभी आहेत आणि आपण रोज त्यांच्यासमोरून जातो. 1914 ची मराठा विद्या प्रसारक संस्था सत्यशोधकी आणि शाहूंच्या विचाराच्या वातावरणात उभी राहिली. तिची सुरुवात समजून घ्यायची तर वसतिगृहापासून घ्यावी लागते, कारण खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा असून उपयोग नव्हता, राहायला छप्पर नव्हते. 1920 मध्ये शाहू महाराज नाशिकच्या उदोजी मराठा वसतिगृहाच्या कोनशिला समारंभाला आले होते. वसतिगृह हा शिक्षणाचा भाग आहे, सोय नव्हे, ही समज त्या पिढीने दिली. प्राचार्य टी. ए. कुलकर्णींच्या गोखले एज्युकेशन सोसायटीने, जिला त्याच विधेयकवाल्या गोखल्यांचे नाव आहे, 1924 मध्ये नाशिकला महाविद्यालय काढले. तिथे उदारमतवादी उच्च शिक्षणाची कल्पना आहे. 1937 मध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले, त्यामागे शिस्त, लष्करी तयारी आणि त्यांची राष्ट्राची विशिष्ट कल्पना होती. सुरगाणा-पेठेकडे दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने आदिवासी मुलांसाठी काम केले. आणि 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले, ज्याचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' आहे. वय, नोकरी, संसार, तुटलेले शिक्षण यांपैकी काहीही दाराशी अडवणार नाही, ही त्यामागची भूमिका. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्या शिक्षिकेला तिचे मोल वेगळे सांगायला नको.

या प्रत्येक संस्थेला विचारा: तुमचा आदर्श विद्यार्थी कोण? उत्तरे एकसारखी येणार नाहीत. एकीला शेतकऱ्याचा मुलगा दिसतो, दुसरीला पदवीधर नागरिक, तिसरीला सैनिक, चौथीला दूर राहून शिकणारी गृहिणी. एका शहरात शेजारी शेजारी इतकी वेगवेगळी स्वप्ने शाळा-कॉलेजांच्या नावाने उभी राहतात, यावरून 'शिक्षणाचे ध्येय' हे प्रकरण एका व्याख्येत का मावत नाही ते ध्यानात येईल.

राजकीय अधिष्ठान म्हटले की शिक्षक बिचकतात. "आम्ही राजकारणात पडत नाही." पक्षाचे राजकारण शाळेत आणू नये, हे बरोबरच आहे आणि मी ते कडकपणे पाळत आलो. पण शाळा कुठे असावी, कोणत्या भाषेत असावी, कुणाच्या पैशावर चालावी, हे राज्यसत्तेचे निर्णय असतात, आणि त्यांचा परिणाम तुमच्या वर्गात रोज मोजता येतो. ते समजून घेणे हा तुमच्या कामाचा भाग आहे.

भाषेचेच घ्या. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्यात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला, विरोध वाढला आणि जूनअखेर तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. माझे मत विचाराल तर पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा घालू नये असेच आहे. पण या गदारोळात आपल्या जिल्ह्यातला एक प्रश्न कुणाच्या ओठावर आला नाही. पेठ-सुरगाण्यातले मूल घरी कोकणा बोलते. त्याच्यासाठी शाळेतली प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आहे. मालेगावात यंत्रमाग कामगारांची मुले उर्दू शाळेत जातात, त्यांचे गणित आणखी निराळे. राज्यघटनेचे कलम 350-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल बोलते, शिक्षणहक्क कायद्याचे कलम 29 शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणते. मग पहिलीच्या वर्गात कोकणा बोललेल्या मुलाला आपण "नीट बोल" म्हणतो तेव्हा आपण कुणाच्या बाजूने उभे असतो? मराठीवर अन्याय होतो म्हणून आपण जे दुःख मानतो, तेच दुःख त्या मुलाला आपल्या हातून होऊ नये. वर्गात त्याची भाषा बोलू द्या, गोष्ट आधी तिच्यात सांगू द्या, फळ्यावर दोन्ही शब्द लिहा. याला शासन निर्णय लागत नाही.

दुसरे उदाहरण शाळा बंद होण्याचे. 2023 मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे, म्हणजे अनेक छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. बाजू दोन्ही आहेत. पाच मुले आणि एक शिक्षक असलेल्या शाळेत खेळ, गाणे, गटकाम अवघड होते, हे मी मान्य करतो. पण कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आणि डोंगराळ भागातला किलोमीटर नकाशावर मोजायचा नसतो. मध्ये ओढा असतो, घाट असतो, आणि लहानग्या मुलीला एकटीला पाठवायचे की नाही हा आईचा विचार असतो. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी आपली शाळा बंद होऊ नये म्हणून बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर मोर्चा आणला होता, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत. शाळा नाही तर आम्ही काय करायचे ते तुम्हीच सांगा, असा तो रोकडा सवाल होता. खर्चाचा हिशेब करताना दर मुलामागचा खर्च काढला जातो. ज्या मुलीची शाळा सुटेल तिच्या पुढच्या आयुष्याची किंमत त्या हिशेबात धरली जात नाही, आणि ती धरावी असा आग्रह फुल्यांपासूनचा आहे.

तिसरे, 25 टक्के जागांचे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 12(1)(क) ने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी प्रवेशस्तरावर चौथाई जागा ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला. हा खटला तुम्ही 'सामाजिक समता' या प्रकरणात उदाहरण म्हणून जरूर वापरा, पण त्यातला खरा वाद ओळखून. 1964-66 च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्याच कोल्हापूर भागातले जे. पी. नाईक होते, परिसरातल्या सर्व मुलांसाठी एक समान शाळा असावी असे सांगितले होते. त्या कल्पनेत डॉक्टरचा मुलगा आणि रिक्षावाल्याची मुलगी एकाच सरकारी शाळेत बसतात. 25 टक्क्यांत रिक्षावाल्याची मुलगी डॉक्टरच्या मुलाच्या शाळेत जाते, आणि बाकीच्या जिल्हा परिषदेत राहतात. मला समान शाळेची कल्पना आजही अधिक न्याय्य वाटते. पण ती येईपर्यंत चौथाई जागाही सोडून देणे मला मान्य नाही.

एवढे सगळे पाहून शिक्षकाला वाटते, आपल्या हातात काय आहे? बरेच आहे, फक्त ते कुठे लिहिले आहे ते माहीत हवे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, हे शिक्षणहक्क कायद्याचे कलम 21 सांगते. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती भरते. तिची बैठक मजुरीच्या वेळेत न ठेवता संध्याकाळी पाड्यावर ठेवा, आणि वर जो स्थलांतराचा प्रश्न आला तो तिच्यापुढे मांडा. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार त्या समितीला आहे, हंगामी वसतिगृहाची मागणी तिच्या ठरावाने गेली तर तिला वजन येते. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण हे कलम 4 मध्ये आहे, दाखल्यावाचून प्रवेश न अडवणे कलम 5 मध्ये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ कलम 17 ने बंद केला. आणि शिक्षकाला कोणती अशैक्षणिक कामे देता येतात, हे कलम 27 मोजून सांगते: जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. ही कलमे तुमच्या पेपरात 'राजकीय अधिष्ठान' म्हणून येतात. शाळेत ती तुमच्या हातातली अवजारे आहेत.

परीक्षेपुरते सांगायचे तर, विचारवंताचे नाव, त्याचा प्रश्न, त्याने तो कोणत्या समाजाकडे पाहून विचारला, आणि तो आपल्या जिल्ह्यात आज कसा उभा आहे, या क्रमाने उत्तर लिहा. व्याख्या दोन ओळींत आटपा. परीक्षकाला दहा सारख्या उत्तरांनंतर एक जिवंत उदाहरण दिसले की तो थांबून वाचतो, हे मी तपासणीच्या टेबलावर बसून पाहिले आहे. वाचनाचा क्रम मी असा ठेवला असता: आधी हंटर आयोगापुढचे फुल्यांचे निवेदन, मग आंबेडकरांचे 1927 चे भाषण, मग शिक्षणहक्क कायदा मुळातून, आणि त्यानंतर ड्यूई, रूसो, प्लेटो. शेवटी वाचल्यावर प्लेटोसुद्धा बोलू लागतो. राज्य कोणी चालवायचे आणि त्यासाठी कोणाला शिकवायचे हा त्याचा प्रश्न तोवर तुमच्या ओळखीचा झालेला असतो, आणि त्याच्या उत्तराशी तुम्ही भांडू शकता.

प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर आपल्याच शाळेचे मागच्या पाच वर्षांचे हजेरीपट घ्या. महिनावार गैरहजेरी काढा, मुली आणि मुलगे वेगळे ठेवा, आणि शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात गावातली माणसे कुठे कामाला असतात ते पालकांना विचारून लिहा. मुलांची नावे अहवालात देऊ नका. हे काम मार्चच्या काढणीआधी सुरू केलेत तर बागेत गेलेल्या दोन-तीन कुटुंबांना तिथे जाऊन भेटता येईल, आणि तिथली जवळची शाळा त्यांच्या मुलांना बसवून घेते का हेही पाहता येईल.